खाशाबांची मधली चार वर्षे मुलांना सांगा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. शाळाशाळांत त्यांची गोष्ट सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. पण बहुतेक भाषणांत ती कराडजवळच्या गोळेश्वरातून निघते आणि थेट १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, कुस्तीतल्या कांस्यपदकापाशी पोहोचते. मुले भारावून घरी जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर पाच-सहा जण हजर असतात, एका दमात शंभर-शंभर बैठका मारतात. तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही आणि आठवड्याभरात मैदान पुन्हा रिकामे होते. मग घरी-दारी एकच निदान होते : पोरांत जिद्दच नाही.

हे निदान चुकीचे आहे, आणि ते मुलांच्या मनात घर करून बसते म्हणून जास्त वाईट आहे. इथे चुकलेले असते ते माप. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम भार पडला की दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, आणि नेमका तेव्हाच भाषणाचा जोर ओसरलेला असतो.

खाशाबांच्या गोष्टीत यावरचा उतारा आहेच, पण आपण तो गाळतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट या हलक्या वजनगटात सहावे आले. तिथली गादी त्यांना नवी होती, आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तालमीच्या भुसभुशीत मातीत पाय रोवून घडलेल्या मल्लाला गादीवर पवित्र्यापासून सगळे पुन्हा बसवावे लागते. कमी काय पडले, हे त्या सहाव्या क्रमांकाने दाखवून दिले. पुढची चार वर्षे ती उणीव भरून काढण्यात गेली. वजनगटही बदलला, ते बँटमवेटला, म्हणजे वरच्या ५७ किलोच्या गटात, खेळू लागले. हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आठवीतल्या मुलाला पदकापेक्षा ही चार वर्षे जास्त कामाची आहेत.

प्रेरणा हा शब्द ‘प्र’ आणि ‘ईर्’ यांपासून आला आहे, अर्थ पुढे ढकलणे. ढकललेली गाडी उतार असेल तेवढीच जाते. त्यामुळे भाषणानंतरच्या नव्याच्या नऊ दिवसांत गाडी स्वतःच्या बळावर चालेल एवढी व्यवस्था करून घ्यावी लागते.

ती अशी करता येते. सभागृहातून उठण्यापूर्वीच प्रत्येक मुलाने एका चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहाव्यात : काय, किती, कधी, कुठे, कोणाबरोबर. ‘रोज अभ्यास करीन’ ही चिठ्ठी फुकट जाते. ‘संध्याकाळी दिवा लावला की ओट्यावर बसून गणिताची पाच उदाहरणे, शेजारच्या दादाबरोबर’ ही टिकते, कारण दिवा रोज लागतोच आणि तोच आठवण करून देतो. सोबतीही एखाद-दोन इयत्ता पुढचा असावा. भिंतीवरच्या फोटोतल्या मल्लापर्यंतची वाट मुलाला दिसत नाही. चाळीस बैठका सहज मारणाऱ्या नववीतल्या पोरापर्यंतची दिसते.

माप आज सहज जमते त्याच्या निम्मे धरावे. एका दमात वीस बैठका जमत असतील तर दहापासून सुरुवात, तीही एक दिवसाआड. दर आठवड्याला दोन वाढवाव्यात. अकराव्या आठवड्यात तीस होतात. जोर पाचपासूनच सुरू करावेत. नवख्यांची मनगटे आणि खांदे मांड्यांच्या आधी कुरकुरतात. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट मारू नयेत. ‘भरपाई’ या एका कल्पनेने जितकी मुले मैदान सोडतात, तितकी आळसाने सोडत नसतील.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्यही भाषणांतून काढावे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात हा काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला निघाला, मध्यक ६६ दिवस, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागले. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. एकविसाव्या दिवशी अजून कंटाळाच येतोय म्हणून स्वतःला नापास ठरवणाऱ्या मुलाला हे आकडे कळायला हवेत. १५ जानेवारीपासून ६६ दिवस मोजले तर २१ मार्च उजाडतो, आणि मध्ये परीक्षेची गडबड येते. चिठ्ठ्या तिथेच मोडतात. त्या दिवसांत माप निम्म्यावर आणावे, पण वेळ आणि जागा तीच ठेवावी.

मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना कळकळीची विनंती आहे. येत्या १५ जानेवारीला भाषण दहा मिनिटांनी कमी करून तो वेळ चिठ्ठ्यांना द्यावा. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांकडे जपून ठेवाव्यात. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाला जवळ बोलावून, न रागावता, एवढेच विचारावे : माप जड जातंय का? जड जात असेल तर तिथल्या तिथे आकडा खोडून लहान लिहावा आणि चिठ्ठी त्याच्या हातात परत द्यावी.

आपला,
एक कुस्ती मार्गदर्शक, सातारा जिल्हा