छपराचा हिशोब एका दिवसाचा नसतो

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या दापोली तालुक्यात एकच विषय असतो, छप्पर. कोण कौलं काढून पत्रा टाकतंय, कोण स्लॅबवर शेड मारतंय. आणि प्रत्येक जण विचारतो ते एकच, ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटाला, किती पडला? आज किती पडला एवढंच. पुढच्या वीस वर्षात किती पडणार हे कोणीच विचारत नाही, आम्ही पण विचारलं नव्हतं म्हणून हे पत्र.

आमचं घर मंगलोरी कौलांचं होतं, ऐनाचे वासे. 2007 साली वडिलांनी कौलं उतरवली आणि स्लॅब घातला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वांदर रोज कौलं फोडायचे, कौलं परतायला, म्हणजे उतरवून फुटकी बदलून परत लावायला, माणूस मिळेना, आई रात्री पावसात उठून पातेली मांडायची. स्लॅब म्हणजे कायमची कटकट गेली असं सगळ्यांनाच वाटलेलं. तेव्हा स्लॅबला 1 लाख 15 हजार लागले.

वडिलांना सगळं वहीत लिहायची सवय, ती वही माझ्याकडे आहे. 2013 ला गळती, केमिकलचा कोट 14 हजार. 2015 ला डांबरी शीट 32 हजार. 2017 ला शेवटी वैतागून वर लोखंडी पाइप आणि रंगीत पत्र्याची शेड, 1 लाख 40 हजार. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, अर्धे पत्रे स्क्रूसकट उपटून गेले, एक तर समोरच्या आंब्यात गुंडाळलेला सापडला, ते परत करायला 60 हजार. म्हणजे स्लॅब झाल्यावर 2 लाख 46 हजार, मूळ खर्चाच्या दुपटीहून जास्त, आणि एका घराला दोन छपरं झाली.

गळतीचं कारण फार उशिरा कळलं. माजघरात तांदळाच्या डब्यावर एक दिवस तळहाताएवढा पोपडा पडला, वर बघितलं तर सळई उघडी, गंजून फुगलेली, बोट लावलं तर लाल भुगा हातात आला. ओळखीच्या एका इंजिनिअरने सांगितलं की ओतकामाच्या वेळी सळईखाली कव्हर ब्लॉकच (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) ठेवले नव्हते, सळई सेंट्रिंगच्या, म्हणजे ओतकामाच्या साच्याच्या, पत्र्याला टेकलेली. वर उतार नीट नाही म्हणून पाणी साचायचं, त्यात समुद्राची खारी हवा. लोखंड गंजलं की फुगतं आणि आपल्याच भोवतीचं काँक्रीट फोडतं, मग वरून कितीही कोट मारा. कव्हर ब्लॉकला तेव्हा काय शे-दोनशे रुपये लागले असते, आणि पहिल्याच वर्षी उतार देऊन विटांच्या तुकड्यांचा कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) केला असता तर निम्मं टळलं असतं. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, गावात असे बरेच आहेत आणि आपणही ओतकामाच्या दिवशी चहा-वडे बघत बसतो, सळई कोणी बघत नाही.

शेजारी काकांचं घर अजून कौलारू आहे. ते दर एप्रिलमध्ये दोन गडी लावून दोन-तीन दिवस कौलं परततात, चाळीस-पन्नास बदलतात. काका स्वतः खाली बसून एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघतात, टणटण वाजलं तर वर जातं, भद्द वाजलं तर बाजूला, त्याला डोळ्याला न दिसणारी चीर असते. वर्षाला आता सात-आठ हजार होतात. 2007 पासून वादळापर्यंतची 13 वर्षं आजच्या मजुरीने धरली आणि मध्ये एकदा रीपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलल्या ते 25 हजार धरले तरी सव्वा लाखाच्या आसपास जातं. वादळाने त्यांनाही सोडलं नाही हे खरंय, चारेकशे कौलं गेली, कोने (आढ्यावरची कौलं) फुटले, तीन दिवस ताडपत्री होती. पण परसात दीड-दोनशे कौलं रचून ठेवलेली, बाकीची एका पाडलेल्या घराची मिळाली, आठवड्यात छप्पर उभं. आम्ही पत्र्यासाठी महिनाभर थांबलो. आणि मे महिन्यात दुपारी आम्ही सगळे झोपायला काकांच्या ओटीवरच जातो, ते कुठल्या वहीत लिहायचं?

सगळ्यांनी कौलंच घालावीत असं मी म्हणत नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला 1865 मध्ये कारखाना काढला, तिथून ही कौलं आपल्याकडे घरोघर आली, आता तिकडचेच कितीतरी कारखाने बंद झालेत. नवीन कौल महाग, लाकूड त्याहून महाग, ब्रासला दीडशेच्या आसपास कौलं लागतात. पण ज्यांच्या डोक्यावर धड वासे आणि धड कौलं आहेत त्यांनी ती केवळ माणूस मिळत नाही म्हणून उतरवू नयेत एवढंच कळकळीने सांगतो. उतरवलेली कौलं टेम्पोवाला भंगारासारखी नेतो आणि तीच पुढे रिसॉर्टवर लागतात.

माणूस मिळत नाही हेच खरं दुखणं आहे. आमच्या वाडीत कौलं परतणारे दोघंच उरलेत, दोघंही साठीच्या पुढे, त्यांची मुलं मुंबईला. आयटीआयमध्ये वायरमन, प्लंबर शिकवतात तसा कौलारू छपराचा दोन महिन्यांचा कोर्स का होऊ शकत नाही? एप्रिल-मे मध्ये हाताला भरपूर काम आहे. निदान ग्रामपंचायतींनी अशा कारागिरांची नावं आणि फोन नंबर बोर्डावर लावावेत. आपण पेपरमधून हा विषय लावून धरावा ही विनंती. आणि हे छापायचं असेल तर मे संपायच्या आत छापा, नंतर कोणाला वर चढता येणार नाही.

आपला एक नियमित वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी