वेळ जातो कुठे, या बाबांच्या प्रश्नाविषयी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबांनी विचारले की, मुले दिवसभर शाळेत असतात, तुझे काम बहुतेक घरूनच चालते, कपडे-भांडी धुवायला यंत्रे आहेत, मग निवांत पंधरा मिनिटे बोलायलाही तुला सवड कशी होत नाही? प्रश्नात तक्रार नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण उत्तर देता देता इकडून कोणीतरी हाक मारली आणि ते अर्धेच राहिले, म्हणून आज लिहायला बसले आहे.

बाबांना हिशेब आवडतो, तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करते. आठवड्याचे तास १६८. त्यांतून झोप, नोकरी, स्वयंपाक आणि मुलांची ने-आण वजा केली, तरी कागदावर पुष्कळ तास शिल्लक राहतात. अडचण अशी की, ते सलग नसतात. शाळा सुटते तेव्हा ऑफिसचा दिवस संपलेला नसतो. त्यामुळे मुलांना आणायला जाताना हातातले काम मध्येच थांबवायचे आणि मुले झोपल्यावर तेच पुन्हा उघडायचे, असा रोजचा क्रम असतो. दुपारचा जो तास तुम्हाला मोकळा दिसतो, तो रात्रीकडून उसना घेतलेला असतो.

उदाहरणादाखल धाकटीचा पोहण्याचा वर्ग घ्या. वर्ग अर्ध्या तासाचा आहे, म्हणजे आईला अर्धा तास मिळाला, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिचे केस टोपीत कोंबून, पोहण्याच्या चष्म्याचा पट्टा नीट बसवून आणि ती पाण्यात उतरल्याची खात्री करून मी बाकावर टेकेपर्यंत पहिली पाच-सात मिनिटे जातात, आणि शेवटची तेवढीच मिनिटे टॉवेल धरून काठाशी उभे राहण्यात जातात. मधल्या वेळात ती प्रत्येक फेरीनंतर मान वर करून माझ्याकडे पाहते, आणि मी पाहत होते की नाही, याची नंतर गाडीत कसून चौकशी होते. तिथे पुस्तक उघडले, तर एकच परिच्छेद पुनःपुन्हा वाचला जातो. तिथून फोन लावला, तर तुम्हाला माझ्याऐवजी वीस मुलांचा गलका ऐकू येतो, हे आईने अनुभवलेच आहे.

संध्याकाळचे वेळापत्रक मुलांच्या झोपेवरून उलटे मोजत यावे लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले. सकाळी साडेसहाला उठवायचे असेल, तर साडेआठला दिवे मालवलेले बरे. म्हणजे गृहपाठ, आंघोळ, जेवण, मोठ्याने वाचन आणि भांडण हे सगळे त्याच्या आत उरकायचे. नेमके दिवा मालवताना थोरल्याला आठवते की, उद्या विज्ञानाच्या तासाला पुठ्ठ्याचा रिकामा खोका न्यायचा आहे, ‘फार मोठा नको, पण झाकण हवं’. असा खोका त्या वेळी घरात नसतो. मग कोणत्या तरी डब्यातल्या वस्तू बाहेर काढून ठेवायच्या आणि त्यानंतर ऑफिसचे राहिलेले काम घेऊन बसायचे. तोवर तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते.

पहाटे पाचला उठा म्हणजे दिवस आपलाच होतो, असे लेख मला अधूनमधून कोणी ना कोणी पाठवते. ते लिहिणाऱ्यांच्या घरी सव्वापाचला कोण उठते, हेही त्यांनी लिहायला हवे.

तासांपेक्षाही जास्त दमवते ते डोक्यात बाळगावे लागणारे काम. ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात घरातल्या या न दिसणाऱ्या कामाचे त्यांनी चार भाग केले आहेत: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ते पार पडते की नाही यावर लक्ष ठेवणे. त्यांना असे आढळले की, निर्णय बहुधा दोघे मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा भाग प्रामुख्याने बायकांकडे राहतो. आमचेही तसेच होते. तुमच्या जावयांवर रोख धरून हे लिहीत नाही. ते ने-आण करतात, ओटाही आवरतात. मात्र बूट घट्ट होऊ लागलेत किंवा सहलीच्या संमतीपत्राची मुदत शुक्रवारी संपते, हे आधी माझ्याच डोक्यात यायचे.

म्हणून या सत्रापासून आम्ही कामांऐवजी खातीच वाटून घेतली आहेत. शाळेचे सगळे संदेश आता त्यांच्याच फोनवर येतात. दंतवैद्य, कपडे आणि बूट माझ्याकडे आहेत. ‘मदत करणे’ या व्यवस्थेपेक्षा ही पुष्कळ बरी आहे, कारण मदत मागणाऱ्याला आधी सगळे लक्षात ठेवावेच लागते. मागच्या महिन्यात एक संमतीपत्र उशिरा गेले, तेव्हा शाळेला फोनही त्यांनीच केला आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळले.

आईने सुचवल्याप्रमाणे चित्रकलेचा वर्ग बंद केला. थोरला कंटाळलाच होता, त्यामुळे कोणाला वाईट वाटले नाही. पोहणे मात्र चालू ठेवणार आहोत. तो छंद नव्हे, पाण्याजवळ जाणाऱ्या मुलाला ते आलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

आता आपल्या बोलण्याविषयी. शनिवारी सकाळी हे मुलांना घेऊन वाचनालयात जाणार आहेत. तुमच्याकडे तेव्हा दुपार असेल, तेव्हा जेवण आटोपून फोन जवळ ठेवावा. नातवंडांशी रविवारी बोलावे. शनिवारचा फोन आपल्या तिघांचा. परीक्षेच्या दिवसांत किंवा घरात कोणाला ताप असेल तेव्हा एखादा शनिवार चुकेल, पण तसे मी आदल्या दिवशी कळवीन. बाबांनी गुडघ्याच्या तपासणीचे कागद समोर घेऊन बसावे, कारण या वेळी ‘ठीक आहे’ एवढ्यावर मी ऐकणार नाही.

मुलांचा आणि ह्यांचा तुम्हां दोघांना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक कन्या