दुकानातला क्रॉस आणि कूलरची मोटर

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी नाताळ आला की तुमच्या पेपरात आमचा फोटो येतो. नागपुरातल्या सदर भागातल्या चर्चची रोषणाई, सांताची लाल टोपी घातलेली पोरं, केकच्या दुकानासमोरची लाइन, झालं. २६ तारखेला आम्ही गायब, ते पुढच्या डिसेंबरपर्यंत. मधल्या काळात ख्रिस्ती माणूस पेपरात आलाच तर बहुतेक धर्मांतराच्या बातमीत. खरं सांगतो, हीच तक्रार करायला बसलो होतो, दोन पानं लिहूनही झाली होती, मग वाचून पाहिलं तर लक्षात आलं की अर्धी चूक आमचीच आहे, आम्हीच दिसतो डिसेंबरात तर फोटोग्राफर बिचारा मे महिन्यात कोणाचा फोटो काढणार. ती पानं फाडली आणि हे दुसरं पत्र लिहून राहिलो. थोडं लांब होईल, कापायचं तर कापा, पण मोटरचा किस्सा राहू द्या.

माझं सदरकडे मोटर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली जळालेली तांब्याची तार नव्यानं गुंडाळणं, आणि कूलर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. आडनाव अस्सल मराठी, घरी वरणभात, तान्ह्या पोळ्याला शेजारची पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली की आमच्याही घरून बोजारा मिळतो. त्यामुळे एखाद्याला कळलं की मी ख्रिस्ती आहे, तर तो म्हणतो, "अरे, तुम्ही ख्रिश्चन काय? वाटत नाही बा!" आधी मला हे कौतुक वाटायचं. मी हसून म्हणायचो, आमची प्रार्थनापण मराठीतच होते हो, रेव्हरंड ना. वा. टिळक, जे काही काळ नागपुरात राहून गेले, त्यांची भजनं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो. पण हल्ली ते "वाटत नाही" डोक्यात राहते. म्हणजे काय वाटायला पाहिजे होतं? कोट-टाय? इंग्रजी? की दुसरं काही, जे त्याला माझ्यात दिसलंच नाही?

आम्ही मुळात मूठभर. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजारांच्या आसपास होते, शंभरात एक पण पूर्ण भरत नाही. तरी नागपुरात आमच्या खुणा भरपूर. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. ज्यांच्या नावानं ते आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून इथे आले १८४५ मध्ये, शाळा चालवली, आजूबाजूचे दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंड लोकांची गाणी-गोष्टी बसून लिहून घेतल्या, आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटकडे पुराच्या पाण्यात बुडून गेले. आज पोरं म्हणतात "हिस्लॉपला ॲडमिशन घेतली", तो माणूस होता हेही कित्येकांना माहीत नाही. तसंच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन ती झाली, ती या नागपुरातच. सहा चर्च एक झाल्या, आणि आमच्या ओळखीचे दोघे जण उपासनेनंतर गाडी कोणी आडवी लावली यावरून तीन वर्षं बोलत नाहीत.

गाड्यांवरून आठवलं. रविवारी सकाळी चर्चला येताना आमचे लोक शेजाऱ्याच्या गेटसमोर गाडी लावून आत जातात, गाडीच्या मागच्या काचेवर वचन चिकटवलेलं, येशू तुमच्यावर प्रेम करतो. आत दीड तास. बाहेर त्या शेजाऱ्याला भाजी आणायला जायचं आहे, तो हॉर्न वाजवून राहिला आणि तेच वचन वाचून राहिला. त्याला आमच्या विश्वासाबद्दल काय कळत असेल ते मी सांगायची गरज नाही. व्हॉट्सॲपवर तर सकाळी सहाला स्टेटस असते, आशीर्वादित दिवस, आणि दहा वाजता तोच माणूस कामवाल्या बाईचे खाड्याचे दीडशे रुपये कापतो. मी दुसऱ्यांचंच सांगून राहिलो असं वाटत असेल, तर आता माझं ऐका.

मागच्या वर्षीचा मे. पारा पंचेचाळीसच्या वर. आमच्या धंद्याचं तुम्हाला माहीत आहे, मार्च ते जून कमवायचं आणि वर्षभर खायचं. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, इकडे पंप, तिकडे जाळ्या, गवत बदलायचे कूलर बाहेर रस्त्यावर. तेवढ्यात एक रिटायर्ड काका जरीपटक्यावरून ऑटोत मोटर घेऊन आले, घामानं शर्ट चिकटलेला. मी मोटर लावून पाहिली. हम्म असा आवाज करते पण फिरत नाही, पातं हातानं ढकललं की चालू होते. या धंद्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल की कंडेन्सर गेला आहे, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवातीचा धक्का देणारी सत्तर रुपयांची वस्तू, पाच मिनिटांचं काम.

मी म्हणालो, "काका, वाइंडिंग गेलं."

का म्हणालो? आदल्या दिवशी पोरीच्या कॉलेजच्या फीचा मेसेज आला होता. पण ते कारण मी नंतर शोधलं, त्या क्षणी तोंडातून सवयीनं निघालं, सीझनमध्ये निघते. काकांनी किंमत विचारली, मी साडेआठशे सांगितले. ते थोडं थांबले आणि मग माझ्या डोक्याच्या वर पाहिलं, तिथे वडिलांनी लावलेला लाकडी क्रॉस आहे, धूळ बसून काळा पडलेला. म्हणाले, "ठीक आहे भाऊ. मागच्या वेळी एकानं फसवलं होतं. तुमच्याकडे देव लावलेला दिसला म्हणून इथे उतरलो."

संध्याकाळी ते मोटर घेऊन गेले. कंडेन्सर बदललेली, वरून रंगाचा एक हात मारलेली. मला त्या रात्री झोपबिप चांगली लागली हो, खोटं काऊन सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे कामाला आहे तो मोमिनपुऱ्याचा पोरगा रजिस्टर घेऊन बसला. आमच्या रजिस्टरमध्ये वाइंडिंगच्या प्रत्येक मोटरसमोर तारेचा गेज आणि वजन लिहायचा कॉलम आहे, महिन्याच्या शेवटी तांब्याचा हिशेब लागला पाहिजे म्हणून. त्यानं विचारलं, "भाऊ, कालच्या जरीपटकावाल्या मोटरमध्ये तार किती ग्रॅम लिहू?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत पाहिजे होतं की किती लिहायचं. त्यानं हा धंदा माझ्याकडूनच शिकला आहे, तारेची गुंडी कशी बसवायची तेही आणि हेही.

मी म्हणालो, रिकामं ठेव. बिलावर फोन नंबर होता, दुपारी पत्ता विचारला आणि सातशे ऐंशी रुपये पाकिटात टाकून गेलो. काका झोपले होते, काकूंनी दार उघडलं. मी सांगायला लागलो की मी मोटरवाला, पैसे परत करायला आलो आहे, जास्तीचे लागले होते. त्यांनी मला खालून वर पाहिलं. म्हणाल्या, "परत कशाला? तुम्ही ते चर्चवाले नं? काय पाहिजे तुम्हाला? आमच्या घरी कोणी धर्मबिर्म बदलत नाही."

संपादक साहेब, ही गोष्ट मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांपुढे, साक्ष म्हणून सांगितली असती तर आमच्या लोकांनी नक्की म्हटलं असतं की बघा, छळ कसा होतो आपला. छळ कसला? काकूंच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं. गेल्या काही वर्षांत वातावरण असं झालं आहे की ख्रिस्ती माणूस फुकट काही द्यायला आला की लोकांना त्याच्यामागची पावती दिसते, आणि यात पसरवणाऱ्यांचा हात आहे तसा आमच्यातल्या काहींच्या घाईचाही आहे. घटनेच्या कलम २५ मध्ये मराठीत सुंदर शब्द आहेत, धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क. दीक्षाभूमीच्या गावात आम्हाला घटना कोणी नव्यानं शिकवायची गरज नाही. पण भांडण पहा, सगळं तिसऱ्या शब्दावर चाललं आहे, टीव्हीवर, मोर्चात, आमच्या मीटिंगमध्ये पण. मधल्या शब्दासाठी कोणी कोर्टात जात नाही, कोणी आम्हाला अडवतही नाही. मला कोणत्या जमावानं थोडीच सांगितलं होतं की वाइंडिंग गेलं म्हण.

तर दारात उभा होतो. मी म्हणालो, "काकू, मी दान द्यायला नाही आलो. मी तुमच्या घरातून चोरी केली होती, तेवढीच आणून देऊन राहिलो. आणि उन्हातून आलो, थोडं पाणी मिळेल काय?" त्यांनी पैसे मोजले, दोनदा, मग आत गेल्या आणि पाणी आणलं. आत या नाही म्हणाल्या. मी दारातच प्यालो.

हे पाणी मागायचं मला सुचलं ते काही माझ्या हुशारीनं नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू दुपारच्या उन्हात विहिरीवर बसला आहे आणि शोमरोनी बाईला आधी पाणी मागतो. ज्या लोकांशी त्याचे लोक व्यवहार ठेवत नव्हते, त्यांच्यातल्या बाईच्या भांड्यातलं. जिवंत पाण्याचं मोठं बोलणं नंतर होते. आम्ही मात्र नेहमी देणारे बनून जातो, ब्लँकेट द्या, फळं द्या, फोटो काढा. कोणाच्या दारात ग्लास पुढे करायला आम्हाला लाज वाटते.

यावरून या वर्षी आमच्यात एक भांडणही झालं, छोटंसं. उन्हाळ्यात दुकानासमोर मी पाण्याचा रांजण ठेवतो, लाल कपडा गुंडाळून. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, त्यावर वचन लिही, नाहीतर लोकांना कळणार कसं की हे कोणाच्या नावानं आहे. डोंगरावरच्या प्रवचनात आहेच ना, तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या. मी म्हणालो, आहे, मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि पान उलटलं की सहाव्यात त्याच प्रवचनात तोच प्रभू सांगतो की लोकांना दिसावं म्हणून धर्माचरण करू नका, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका. आता दोन्ही एकदम कसं करायचं? ते म्हणाले, पास्टरला विचार. पास्टर हसले आणि म्हणाले की त्यावर मी दोन रविवार बोललो तेव्हा तू उन्हाळ्याचं कारण सांगून आला नव्हतास. बरोबर आहे.

माझ्या बुद्धीला जे समजलं ते असं की दुकानात क्रॉस लावायला हरकत नाही, लपवायचा तर बिलकुल नाही, भीतीनं तर नाहीच, हल्ली आमचे काही जण ऑफिसात नाव सांगायलाही कचरतात ते मला आवडत नाही. पण तो क्रॉस लावला की तो माझी जाहिरात करत नाही, माझ्यावर उधारी चढवतो. काका त्याच्याकडे पाहून ऑटोतून उतरले होते. मी तो लावलाच नसता तर मी नुसता लबाड मिस्त्री ठरलो असतो, नागपुरात काय कमी आहेत. लावला म्हणून माझ्या साडेआठशेत त्याचंही नाव खर्ची पडलं. रांजणावर शेवटी काही लिहिलं नाही. पाणी आहे हे लोकांना दिसते. रोज सकाळी तो आतून घासावा लागतो नाहीतर शेवाळ धरते, ते काम मी पोराला सांगत नाही, स्वतः करतो, एवढंच.

रजिस्टरमधला तो चौकोन अजून रिकामा आहे. आता पोरगा कोणती पण मोटर आली की गिऱ्हाइकासमोर आधी कंडेन्सर तपासतो, मोठ्यानं सांगतो, "कंडेन्सर आहे हो, सत्तर रुपये." या सीझनला गल्ला कमी आहे. पोरीच्या फीचा दुसरा हप्ता उशिरा भरला, दंडासकट. बायको म्हणाली, तुमचा धर्म बारा महिने चालवा, पण मला आधी सांगत जा, मी त्या हिशेबानं किराणा आणत जाईन. ती माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करते, त्यामुळे तिला उलट बोलता येत नाही.

आणि जरीपटक्याचे काका मागच्या आठवड्यात आले. मला वाटलं होतं आता हे पुन्हा काही येत नाहीत. दुसऱ्या कूलरची मोटर होती, मोठी. मी हात पुढे केला तर त्यांनी मोटर दिली नाही. स्टूल ओढलं, क्रॉसच्या खाली बसले, चष्मा पुसून लावला आणि म्हणाले, "इथे माझ्यासमोर खोला." मी पाना घेतला आणि त्यांच्यासमोर खोलली. वाइंडिंग जळालेलं होतं, खरंच. काळी पडलेली तार त्यांनी स्वतः बोट लावून पाहिली, वास घेतला, मग विचारलं, "किती लागतील?"

आपला,
एक वाचक
सदर, नागपूर