श्रुतीला वही पाठवतोय

लातूर,
पाडव्यानंतरचा रविवार

चि. श्रुती,
अनेक आशीर्वाद.

परवा संभाजीनगरहून फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पगार वीस तारखेलाच संपतो, कुठं जातो तेच कळत नाही." तू फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओसरीवर बसून होतो. पगार थोडा असला तर माणूस थोड्यात भागवतो, पण कुठं जातो तेच कळत नसलं तर कितीही आला तरी पुरत नाही. तीस वर्षं शेतमालाच्या आडतीवर हिशेबाची वही लिहिली मी, एवढं तरी तुला सांगू शकतो.

आडतीवर दिवसभरात लाखांची उलाढाल व्हायची. तुरीचे कट्टे उतरायचे, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, सगळं चालू असायचं. पण संध्याकाळी दुकान वाढवताना गल्ल्यातली रक्कम वहीतल्या शिलकीशी जुळलीच पाहिजे. पाच रुपयांचा फरक निघाला तरी मी जागचा उठत नसे. तुझी माय ताट झाकून वाट बघत बसायची, तुला आठवत असेल. त्या पाच रुपयांच्या मागं कधीकधी लिहायची राहून गेलेली पाचशेची नोंद सापडायची, म्हणून तो हट्ट.

ह्या पत्राबरोबर एक लाल वही पाठवतोय. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. वर सकाळची शिल्लक, खाली रात्रीची. झोपायच्या आधी पाच मिनिटं काढ. मोबाईलवरून गेलेले पैसे आधी लिही, कारण तेच सगळ्यात जास्त निसटतात. नोट मोडताना हाताला कळतं, मोबाईलवर नुसता आवाज येतो आणि काम झालेलं असतं. भाजी, चहा, रिक्षा ह्यांचे आठवड्याचे पैसे सोमवारी रोख काढून एका डब्यात ठेवलेस तर आणखी बरं. आणि एक ऐक, पहिला महिना काहीही कमी करू नकोस. बाहेरचं मागवलंस तर मागव, नुसतं लिही. महिन्याच्या शेवटी बेरीज करशील तेव्हा कुठं हात आखडायचा ते तुझं तुलाच दिसेल, मला सांगावं लागणार नाही.

तुझ्या खोलीचं लाईट बिल तू पाठवलंस ते मी चष्मा लावून दोनदा वाचलं. 138 युनिट. आता बघ, घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा दर एक असतो आणि 101 पासून 300 पर्यंतच्या युनिटांचा दर त्याच्यापेक्षा बराच चढा असतो. शंभराच्या आतली तुझी युनिटं स्वस्तातलीच राहतात. महाग पडतात ती वरची 38, तेवढ्यांच्याच मागं लागायचं. तुझा गिझर 2000 वॅटचा आहे. तो अर्धा तास चालला की एक युनिट जळतं. तू सकाळी उठल्या उठल्या चालू करतेस आणि आवरून होईपर्यंत तसाच ठेवतेस, म्हणजे महिन्याची 30 युनिटं एकट्या अंघोळीची झाली. बादलीभर पाण्याला दहा मिनिटं पुरतात. आता तर चैत्र लागला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपल्याकडं दुपारनंतर आपोआप तापतं, संध्याकाळी अंघोळ करत जा आणि पावसाळ्यापर्यंत गिझरचं बटण विसरून जा.

दुसरा तुझा पंखा. जुना पंखा 75 वॅटचा असतो, रोज बारा तास फिरला तर महिन्याला 27 युनिटं खातो. बीएलडीसी म्हणून जे नवे पंखे मिळतात ते साधारण 30 वॅटमध्ये तेवढंच वारं देतात, तेवढ्याच तासांना 11 युनिटं होतात. आधी घरमालकांना विचार. ते बसवणार नसतील तर तू स्वतःचा घे, खोली सोडताना काढून नेता येतो. गिझरची 30 आणि पंख्याची 16, तुझी अडतीस तिथंच भरून निघाली. कूलर लावलास की बिल परत थोडं चढेल, ते धरून चाल, उन्हाळ्यात अंगाला त्रास करून घेऊ नकोस. फक्त कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेव. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत नुसती दमट हवा साठते, गारवा येत नाही, आणि मग माणूस एसीच्या मागं लागतो. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्याला कूलरच खरा.

गॅसचं तुझ्या मायला विचार, ती माझ्यापेक्षा नेमकं सांगेल. तिची पद्धत मी रोज बघतो. सकाळी चहा ठेवायच्या आधी तूरडाळ धुऊन भिजत घालते, चहा होऊन, झाडलोट होऊन, मग अर्ध्या तासानं ती कुकरला लावते. हळद आणि तेलाचे दोन थेंब आत. पहिली शिट्टी झाली की ज्योत बारीक. तेवढ्यात डाळ लोण्यासारखी होते. ज्योत पिवळी दिसायला लागली की त्याच दिवशी बर्नर पिनेनं साफ करते, कारण पिवळ्या ज्योतीनं भांडं काळं होतं आणि गॅस वाया जातो.

तेलाची पिशवी घेताना नुसती किंमत बघू नकोस, वजन वाच. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. पण शेजारीच तशीच दिसणारी 850 किंवा 800 ग्रॅमची पिशवी असते आणि ती दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त वाटते. किंमत भागिले वजन, एवढं गणित दुकानात उभं राहूनच करायचं. लाज वाटू देऊ नकोस. काट्यावर नजर ठेवणाऱ्याला बाजार मान देतो, हे मी उभ्या आयुष्यात पाहिलंय.

ज्वारीचं मात्र तू माझ्यावर सोड. फेब्रुवारी-मार्चात रब्बीची नवी ज्वारी बाजारात येते तेव्हाच भरून ठेवायची, पुढं पावसाळ्यात तीच ज्वारी चढ्या भावानं घ्यावी लागते. तूर त्याच्याही आधी, जानेवारीपासून उतरते. वर्षाचं भरायला तुझ्याकडं जागा नाही आणि एकटीला ते सांभाळणंही होणार नाही, म्हणून तीन-तीन महिन्यांचं पाठवत जाईन. धान्य आलं की एक दिवस गच्चीत कडक ऊन दाखव. पण ऊन खाल्लेलं धान्य गरम असताना डब्यात भरू नकोस! आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं. संध्याकाळी घाईत कोठी भरली, आत घाम सुटला, आणि श्रावणात झाकण उघडलं तर ज्वारीवर जाळी धरलेली, मुठीत घेतली तर पीठच हाताला लागलं. तुझी माय त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून धान्य रात्रभर चादरीवर निववतो, सकाळी भरतो, मधे मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला. डाळीला एरंडेलाचा हात.

पाण्याचं तुला काय सांगू, तू ते स्वतः भोगलंयस. सातवीत होतीस. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तू माझं बोट धरून विचारलं होतंस, "बाबा, आपल्या वाट्याला किती येईल?" मी काही बोलू शकलो नव्हतो. त्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं फरशीला, फरशीचं संडासला, असं एकच पाणी चारदा वापरलं आपण. ती सवय मोडू नकोस. तुझ्या मोरीतला नळ ठिबकतो म्हणालीस ना? आपलाही ठिबकत होता. मी रात्री खाली पातेलं ठेवलं, सकाळी मोजलं तर सहा तांबे भरले. वायसर बदलायला कितीसे पैसे लागतात? आणि तुमच्याकडं पाणी रोज येत नाही, टँकर मागवला तर तुझ्याच खिशाला बसतो. शुद्ध पाण्याच्या मशिनीतून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं, ते बादलीत धर, फरशी पुसायला चांगलं चालतं.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी नीट सांगितली नाही. तुझ्या शिक्षणासाठी मी आणि तुझ्या मायनं असंच थेंब थेंब करून दीड लाख जमवले होते. एका पतसंस्थेत बँकेपेक्षा जास्त व्याज मिळत होतं, म्हणून मी तिथं ठेवले. हिशेबाचा माणूस असूनही मोहात पडलो. दोन वर्षांनी शटर पडलं ते आजपर्यंत पडलेलंच आहे. तुझी माय एका शब्दानं मला बोलली नाही, पण त्या वर्षी तिनं स्वतःसाठी एक लुगडं घेतलं नाही, ते मला अजून टोचतं. म्हणून सांगतो, महिन्याकाठी जे काय वाचेल, पाचशे असो की हजार, ते पगार झाल्याच्या दिवशीच बाजूला काढ आणि पोस्टात आवर्ती ठेवीत टाक. महिन्याला 100 रुपयांपासून खातं निघतं, मुदत पाच वर्षांची. बँकेत ठेवलेस तरी चालेल, एका बँकेत एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. मला हे पैसे बुडाल्यावर समजलं.

आणि लेकरा, दूध, फळं, डॉक्टर ह्यांच्यात काटकसर करायची नाही. दाढ दुखत होती म्हणालीस, ती आधी दाखवून ये, वहीत लिही आणि विसरून जा. सणावारीही हात आखडू नकोस. आपण वर्षभर मोजून मापून खातो, पण येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात भाज्यांची भज्जी आणि आंबील करताना तुझी माय कधी माणसं मोजत नाही, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवते. यंदा तू सुट्टी मिळाली नाही म्हणून आली नव्हतीस. पुढच्या येळवसेची सुट्टी आत्ताच मागून ठेव.

बुधवारी शेजारचे काका संभाजीनगरला येतायत, त्यांच्याबरोबर वही, पंधरा किलो ज्वारी, चार किलो तूरडाळ आणि तुझ्या मायनं शिवलेली वाकळ पाठवतोय. वाकळीत तिची ती जांभळी साडी आहे, तुला ओळखू येईल. ज्वारीची कापडी पिशवी धुऊन काकांबरोबरच परत पाठव, पुढच्या खेपेला तीच लागेल.

तुझे,
बाबा