चार आकड्यांबद्दल काकांचे आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगा मागवण्याआधी तुम्ही चिठ्ठीवर चार आकडे लिहायला लावलेत: तारेची जाडी, वेटोळ्याचा मध्य व्यास (तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत), काम करणारे वेढे आणि मोकळी उंची (भार नसतानाची). त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण चुकीची स्प्रिंग घालण्याचा घोळ एकाच गाडीपुरता नाही. ही गाडी बाळगणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यात कधी ना कधी अडकतो.

स्प्रिंगच्या खोक्यावर नुसतं 'एमजीबी, १९६२ ते १९८०' छापलेलं असतं. त्या अठरा वर्षांत उघडी रोडस्टर येते, १९६५ पासूनची, पक्क्या छताची जड जीटी येते आणि १९७४ च्या अखेरीपासूनची, रबरी बंपरची, सुमारे २५ मिमी उंच केलेली गाडीही येते. या शेवटच्या गाडीत पुढचा क्रॉसमेंबरच (सस्पेन्शन पेलणारी आडवी तुळई) वेगळा आहे, उंची एकट्या स्प्रिंगची नव्हे. तिची उंची मोजून क्रोम बंपरवालीची स्प्रिंग ठरवणं म्हणजे शेजाऱ्याच्या चपलेवरून आपलं माप सांगणं.

सगळ्यात मोठे उपकार रोडस्टर आणि जीटी यांचा फरक दाखवल्याबद्दल. रोडस्टरची तार १२.६५ मिमी, मध्य व्यास ८२.२ मिमी, वेढे साडेसात, मोकळी उंची २५१ मिमी. जीटीची तार १३.७, व्यास ८३.३, वेढे ७.२, उंची २३१. दोन्ही टेबलावर शेजारी उभ्या केल्या की बघणारा छातीठोकपणे सांगतो, 'ती आखूड आहे ना, ती बसलीय', म्हणजे वापरून कायमची दबलीय. प्रत्यक्षात ती आखूडच जास्त ताठ असते. एक मिलिमीटर दबायला रोडस्टरची ६१ न्यूटन भार घेते, जीटीची ८४.

मग तुम्ही कॅल्क्युलेटर पुढे सरकवलात. उभ्या रोडस्टरच्या एका पुढच्या स्प्रिंगवर सुमारे ४,५८० न्यूटन भार असतो. तिची स्वतःची स्प्रिंग ७५ मिमी दबते आणि १७६ मिमी उंचीवर थांबते. जीटीची घातली तर ५४ ते ५५ मिमी दबते आणि तीही १७६ वरच थांबते! गाडी अगदी हवी त्या उंचीवर उभी राहते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पुढचा भाग मात्र ३८ टक्के ताठ झालेला असतो. खडबडीत रस्त्यावर नाक उड्या मारतं, वळणावर पुढची चाकं बाहेर सरकतात, आणि दोष जातो बिचाऱ्या लिव्हर डॅम्परवर (उसळी शमवणाऱ्या भागावर). तो बदलून काही होत नाही, खर्च तेवढा होतो.

तार मोजण्याचा तुमचा हट्ट तेव्हा जाचक वाटतो, पण हिशेबात उतरला की पटतो. ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. पावडर कोटिंगचा थर दोन्ही बाजूंनी फक्त ०.१ मिमी असला, तरी १२.६५ ची तार १२.८५ वाचली जाते आणि हिशेबात ताठपणा साडेसहा टक्के फुगतो. म्हणून तीन ठिकाणी रंग पूर्ण खरवडायचा, कॅलिपर तारेला काटकोनात धरायचा आणि तिन्ही मापं लिहायची. गंजानं खड्डे पडले असतील तर ती जागा सोडायची. व्यासाची चूक याहून वाईट. बाहेरचा व्यास साधारण ९५ मिमी येतो, त्यातून तार एकदा वजा करायची. ती वजाबाकी राहिली तर ताठपणाचं उत्तर ३५ टक्के कमी येतं आणि चांगली स्प्रिंग मऊ ठरते. वेढे मोजताना टोकाचे, आसनाला टेकून निजलेले भाग धरायचे नाहीत. अर्ध्या वेढ्याची गफलत म्हणजे सात टक्के.

जुनी स्प्रिंग बसली म्हणजे मऊ झाली, हा समजही तुम्हीच मोडलात. बसलेल्या स्प्रिंगची मोकळी उंची कमी होते. तार, व्यास, वेढे तेच राहतात, त्यामुळे ताठपणाही तोच. म्हणजे नमुना म्हणून ती उत्तम, फक्त तिच्या उंचीवरून नवी मागवायची नाही. स्प्रिंग ओळखायला लावलेल्या रंगाच्या ठिपक्यांचं तर नावच नको. चाळीस-पन्नास वर्षांत कुणी कोणत्या डब्यातला ब्रश फिरवला, देव जाणे.

खात्रीसाठी प्रेसखाली (दाबयंत्राखाली) वजनकाटा ठेवून करायची चाचणी आता आम्ही सगळ्यांना सांगतो. पहिला दाब सोडून द्यायचा, कारण टोकं आसनावर बसत असतात. ५० मिमी दबल्यावर काटा वाचायचा, ७५ वर पुन्हा वाचायचा. फरक १५५ किलोच्या आसपास आला तर रोडस्टरची, २१४ च्या आसपास आला तर जीटीची. मधलाच आकडा आला तर ती कुणीतरी 'सुधारलेली' स्प्रिंग आहे. विकणाऱ्याकडून चारही आकडे लेखी आल्याशिवाय ती गाडीत घालायची नाही. प्रेसपुढे आडोसा हवाच. निसटलेली स्प्रिंग हात बघत नाही.

बसवतानाच्या दोन सूचनांचे आभार वेगळे मानायला हवेत. स्प्रिंगची खालची बशी काढताना दोन बोल्टांच्या जागी लांब आट्यांचे बोल्ट घालून ती आळीपाळीनं, थोडी थोडी उतरवायची. आणि खालच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे) नट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. तसे आवळले की सांध्यातले रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात, गाडी उंच उभी राहते आणि नव्या स्प्रिंगला नावं ठेवली जातात. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी थोडी मागेपुढे ढकलून, नाक दोनचारदा दाबून मग आवळायचे. उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंनी मोजायची. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजायची, कारण नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते.

मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांची चिठ्ठी अजून यायची आहे, काका. पट्ट्या मोजून आणि कमानीची उंची घेऊन ठेवली आहे.

आपले,
एमजीबीवाले