‘लाल केळ’ लिहिलेल्या चिठ्ठीखालची बुटकी केळ : एक आभारपत्र

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

परसातल्या केळीचं खरं नाव आपण शोधून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितो आहोत, कारण रोपावरची चिठ्ठी चुकणं हे पुष्कळ बागांत होतं आणि आपली तपासायची रीत सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

चिठ्ठीवर ‘लाल केळ’ होतं, पानांवर तांबडे डागही होते. आपलं पहिलंच वाक्य होतं, ‘डागांवर जाऊ नका, पान उलटून बघा.’ पाठ स्वच्छ हिरवी निघाली. टिश्यू कल्चरच्या कोवळ्या कॅव्हेंडिश (बाजारात नेहमी दिसणाऱ्या केळ्यांचा गट) रोपांवर असे जांभळट-तांबडे लांबट डाग असतातच. रोप मोठं झालं की नव्या पानांवर ते येत नाहीत. शोभेच्या झेब्रिना केळीत हा रंग पट्ट्यापट्ट्यांनी पसरतो आणि पानाची पाठही लालसर असते. खऱ्या लाल केळीचा रंग मात्र पात्यावर शोधायचाच नाही. तो बुंध्यावर, देठांवर आणि पानाच्या मधल्या शिरेवर बघायचा.

इथेच कोणीही ‘म्हणजे लाल नाही’ म्हणून मोकळं झालं असतं. आपण थांबवलंत. लाल केळीचा एखादा मुनवा, म्हणजे बुंध्याशेजारी फुटलेलं पिल्लू, कधीकधी रंग सोडून हिरवाच वाढतो, त्यामुळे नुसत्या हिरव्या बुंध्यावरून ती बाद करता येत नाही, हे आपण सांगितलंत. मग मोजमाप. वरून तिसरं, पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं. देठ सोडून पात्याची लांबी आणि सर्वांत रुंद जागची रुंदी मोजायची. लांबी १४८ सेंमी, रुंदी ७४ सेंमी, म्हणजे बरोबर दुप्पट. इतकं आखूड-रुंद पान, तोकडे देठ आणि शेंड्याला दाटीनं बसलेली पानं ही बुटक्या कॅव्हेंडिशची, म्हणजे आपल्या बसराईची, ठेवण. पण थंडीनं किंवा पाण्याच्या ताणानंही पानं अशीच गच्च येतात, म्हणून एका पानावर निकाल द्यायचा नाही, ही ताकीदही सोबत होतीच.

देठ आडवा कापून बघायला सांगितलंत तेव्हा पन्हळ उघडी आणि तिच्या कडा बाहेर झुकलेल्या दिसल्या. बुंध्यावर काळपट-तपकिरी डाग ठळक होते. बहुतेक खायच्या केळी दोन जंगली जातींपासून आल्या, अ‍ॅक्युमिनाटा आणि बाल्बिसियाना. ही दोन्ही लक्षणं अ‍ॅक्युमिनाटाकडे बोट दाखवतात. बाल्बिसियानाच्या अंशाच्या केळीत कडा आत वळतात आणि डाग फिके पडतात. कोणत्या जातीचा किती अंश हे ठरवायच्या, सिमंड्स आणि शेफर्ड या शास्त्रज्ञांच्या १९५५ च्या पद्धतीत अशी १५ लक्षणं आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. शुद्ध अ‍ॅक्युमिनाटाची बेरीज १५, शुद्ध बाल्बिसियानाची ७५. यातली बरीचशी लक्षणं फुलातली, त्यामुळे केळफूल येईपर्यंत नाव पक्कं करायचं नाही, यावर आपण ठाम राहिलात.

केळफूल आल्यावर शेवटची फणी बसली की ते लगेच तोडतात. आपण ते ठेवायला लावलंत, आणि खरा निकाल तिथेच लागला. केळफुलाची पाकळी उघडून मागे गुंडाळली गेली, आतली नरफुलं मलईच्या रंगाची. पुढे पाकळ्या आणि नरफुलं वाळली तरी गळाली नाहीत, दांड्याला तशीच चिकटून राहिली. ग्रँड नैन या कॅव्हेंडिशच्याच दुसऱ्या वाणात हा दांडा बराचसा उघडा पडतो. बुटक्या कॅव्हेंडिशमध्ये तो वाळक्या फुलांनी भरलेला राहतो. केळफूल आधीच कापलं असतं तर हा पुरावा कचऱ्यात गेला असता.

आपण कुठेही घाईनं नाव सांगितलं नाहीत, आणि प्रत्येक खुणेबरोबर ती कुठे फसवते हेही सांगितलंत. याचं मोल आम्हाला फार वाटतं.

आता जुनी चिठ्ठी काढली आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार खिळ्यानं ‘बुटकी कॅव्हेंडिश’ कोरलं आहे, कारण शाई उन्हात उडते. कंदापासून मुनवा वेगळा करतानाच त्याला तशीच पट्टी बांधतो. नंतर बांधू म्हटलं की बिनपानांचे टोकदार मुनवे सगळे सारखेच दिसतात. लाल केळीची जागा अजून रिकामी आहे. तिचं रोप घेताना चिठ्ठीच्या आधी देठ आणि मधली शीर बघू.

आपले कृतज्ञ,
परसबागवाले