सदनिका हस्तांतरणाच्या कागदपत्रांबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कोथरूड, पुणे.

विषय : सदनिका विकताना सभासदांना येणाऱ्या अडचणी व समितीने करावयाची व्यवस्था

महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर मी १९९१ पासून राहत आहे. इमारतीला लिफ्ट नाही आणि गुडघ्यांमुळे जिना आता झेपत नाही, म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी सदनिका विकायला काढली. महिन्याभरात खरेदीदार मिळाले, किंमतही ठरली. पण त्यानंतर खरेदीखत नोंदवले जाईपर्यंत आठ महिने गेले. या आठ महिन्यांत जे कळले ते मला आधी ठाऊक असते तर बराच मनस्ताप वाचला असता. आपल्या तिन्ही विंगमध्ये माझ्यासारखी एकट्या ज्येष्ठ सभासदाची घरे बरीच आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो नामनिर्देशनाच्या गैरसमजापायी. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. त्यांनी नॉमिनी म्हणून माझे नाव दिले होते, त्यामुळे संस्थेने शेअर सर्टिफिकेटवर माझे नाव चढवून दिले आणि घर माझ्या नावावर झाले असे मी समजून चालले. खरेदीदारांच्या वकिलांनी मात्र पहिल्याच भेटीत विचारले, "मुलांचे हक्कसोडपत्र, म्हणजे घरातला आपला वाटा सोडल्याचा दस्त, झाला आहे का?" नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने घर सांभाळणारा असतो, आणि मृत्युपत्र नसेल तर पत्नीइतकाच मुलाचा व मुलीचाही वाटा असतो, हे मला त्या दिवशी कळले. २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळे प्रकरण घातले गेले, त्यातही नॉमिनीला वारसांना सभासद करून घेईपर्यंतचा तात्पुरता सभासदच म्हटले आहे.

मुलीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एका दिवसात नोंदवून झाले. मुलगा जर्मनीत असल्याने त्याने बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केले आणि पाठवले. असे परदेशातून आलेले मुखत्यारपत्र राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, ते आम्ही भरले. परंतु त्यात घराचे "सर्व व्यवहार" असा मोघम उल्लेख होता आणि हक्क सोडण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला नव्हता, म्हणून सारे पुन्हा करावे लागले. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी मसुदा आधी इथल्या वकिलांना दाखवून मगच तिकडे सही करवावी, आणि शक्य असेल तर मुले सुट्टीत आलेली असतानाच हे काम उरकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संस्थेनेही सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीचे नाव चढवताना सोबतच्या पत्रात एवढे एक वाक्य घालावे की या नोंदीने मालकी ठरत नाही. ते वाक्य मला सहा वर्षांपूर्वी मिळाले असते तर!

दुसरी गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो, तरी लिहिणे भाग आहे. ना हरकत पत्रासाठी मला सात आठवडे थांबावे लागले, आणि ते देताना जुन्या प्रथेप्रमाणे "इमारत निधी" म्हणून मोठी रक्कम मागितली गेली. खरेदीदारांच्या कर्जमंजुरीची मुदत संपत आली होती, म्हणून मी ती भरली. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीनुसार) सदनिका विकण्यासाठी संस्थेचे ना हरकत पत्र आवश्यक नाही. सभासदाने पंधरा दिवस आधी लेखी सूचना देणे पुरेसे असते. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आहे, आणि हस्तांतरण अधिमूल्य (प्रीमियम) महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही, असे शासनाचे ९ ऑगस्ट २००१ चे परिपत्रक सांगते. त्यावर देणगी वा निधी कोणत्याही नावाने घेता येत नाही. कुटुंबातील व्यक्तीच्या, वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावे हस्तांतरण असेल तर अधिमूल्यही लागत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेला बोजा (घरावरचे कर्ज) नोंदवण्यासाठी जे पत्र हवे असते ते वेगळे, आणि ते संस्थेने आठवड्याभरात द्यायला काहीच अडचण नसावी. मी भरलेल्या जादा रकमेबद्दल स्वतंत्र अर्ज करत आहे. या पत्राचा हेतू तो नाही.

बँकेचा विषय निघाला म्हणून सांगते. पहिल्या बँकेने कर्ज नाकारले, कारण मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) जमीन आजही मूळ मालकांच्याच नावे आहे. संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत विकासकाने अभिहस्तांतरण (जमीन व इमारत संस्थेच्या नावे करणे) करून द्यायचे असते. आपल्याकडे तीन दशके उलटली. विकासक ते करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे त्याच्याशिवायच ते करून घेण्याचा, अर्ज करण्याची सोय २००८ पासून आहे. प्रत्येक विक्रीत ही उणीव आडवी येणार आणि पुनर्विकासात तर सर्वांनाच भोवणार.

बाकी कागदांबद्दल थोडक्यात : मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील नोंदीचा उतारा) आणि शेअर सर्टिफिकेट हे चारही मूळ स्वरूपात हाती आहेत ना, हे प्रत्येकाने याच महिन्यात पाहावे. माझी नोंदणी पावती सापडत नव्हती, तिच्यासाठी पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागली.

येत्या ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हस्तांतरणाची लेखी कार्यपद्धती व मुदती ठरवणे आणि मानीव अभिहस्तांतरणाचा ठराव, हे दोन विषय घ्यावेत, ही विनंती. खरेदीदारांना सभासद करून घेईपर्यंत मी सभासद आहेच. सभेला मी मुलीचा हात धरून येईन. मुखत्यारपत्राच्या व हक्कसोडपत्राच्या मसुद्यांच्या प्रती, नावे झाकून, कार्यालयात ठेवत आहे. ज्यांना हव्या असतील त्यांना द्याव्यात.

कळावे,

आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद